दुपारी वाकडे होणारे मोड शेप: बिनतारी कंपनमापनात वेळ नेमकी कुठे चुकते

पुलावर दहा-वीस बिनतारी नोड (कंपन मोजणारे छोटे डबे) बसवले, सगळ्यांची नोंद गेटवेवर (माहिती गोळा करणाऱ्या यंत्रावर) पोहोचली, पूल ज्या वेगाने आपोआप कंपतो त्या नैसर्गिक वारंवारिता अपेक्षेप्रमाणे जागच्या जागी दिसल्या, आणि तरीही मोड शेप, म्हणजे त्या वारंवारितेला पूल ज्या आकारात हलतो तो, काढायला बसल्यावर गाळ्याचा (दोन आधारांमधल्या भागाचा) आकार वेडावाकडा आला, ही तक्रार या कामात असणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. तिची एक खोडी अशी की ती सतत दिसत नाही. पहाटेच्या नोंदीतून आकार सुबक निघतो, दुपारच्या नोंदीतून बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सुधारतो. त्यामुळे पहिला संशय पुलावर जातो, दुसरा रेडिओवर, तिसरा विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर. घड्याळाकडे मात्र शेवटी लक्ष जाते, कारण पडद्यावर ‘वेळ जुळलेली आहे’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असते.

मी ज्या कामात या दोषाच्या मागे तीन आठवडे घालवले, ते विदर्भातील एका नदीवरच्या प्रिस्ट्रेस्ड काँक्रीट गर्डरच्या (तुळयांच्या) पुलाचे होते. एका गाळ्यावर चौदा नोड होते. त्यांतले आठ डेक स्लॅबवर दोन्ही कठड्यांच्या कडेने, आणि सहा खाली गर्डरच्या तळाशी. प्रत्येक नोड सेकंदाला १०० सॅम्पल (मोजमापे) घेत असे, दर तासाला अर्धा तास नोंद करत असे आणि उरलेल्या अर्ध्या तासात ती गेटवेकडे पाठवत असे. गाळ्याचा पहिला उभा वाक २.४ हर्ट्झला आणि पीळ ६.१ हर्ट्झला स्पष्ट दिसत होता. पहाटे सहाच्या नोंदीत वरचा आणि खालचा नोड एकत्र हलत होते, जे स्वाभाविकच आहे, कारण स्लॅब आणि गर्डर एकसंध आहेत. दुपारी दोनच्या नोंदीत मात्र, विशेषतः पिळाच्या मोडमध्ये (हलण्याच्या प्रकारात), स्लॅब एका लयीत आणि गर्डर वेगळ्याच लयीत हलत असल्याचे चित्र उमटले. ज्यांचा पूल होता त्यांच्या अभियंत्याने ते चित्र पाहून विचारले, ‘‘स्लॅब गर्डरपासून सुटली आहे का?’’ प्रश्न अगदी रास्त होता, आणि चित्रावर विश्वास ठेवला असता तर उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागले असते.

आता या गोंधळात भर घालणारी एक खरी गोष्ट आधी बाजूला काढून ठेवतो. तापमानाने पूल स्वतःही बदलतो. न्यू मेक्सिकोतील अलामोसा कॅन्यन पुलावर १९९०च्या दशकात झालेल्या चाचण्यांत पहिली वारंवारिता चोवीस तासांत सुमारे ५ टक्क्यांनी बदललेली आढळली होती. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ हा पूल १९९८मध्ये पाडण्यापूर्वी जवळपास वर्षभर मोजला गेला, तेव्हा तापमान शून्याखाली गेल्यावर डांबराचा थर ताठ झाल्यामुळे वारंवारिता ठळकपणे वाढल्याचे दिसले. आमच्याही पुलाची वारंवारिता दुपारी किंचित उतरत होती, आणि तो पुलाचा खराखुरा स्वभाव होता. म्हणूनच ‘दुपारी काहीतरी बदलते’ एवढ्या निरीक्षणावर निर्णय घेता येत नाही. वारंवारिता एका नोडच्या नोंदीतून निघते. तिला इतर नोडच्या घड्याळाशी देणेघेणे नसते, आणि स्वतःचे घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी चुकले तरी वारंवारितेतली चूक नजरेत येण्याइतकी होत नाही. मोड शेप मात्र नोडांच्या परस्परसंबंधातून निघतो. त्यामुळे वारंवारिता बरोबर आणि आकार चुकीचा, अशी जोडी दिसली की वेळेचा संशय सर्वांत आधी घ्यावा, असे माझे मत आहे.

संशय पक्का करायची पद्धत सोपी आहे, पण ती पडद्यावर आपोआप दिसत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर मोड शेपची तुलना एका आकड्याने करते, ज्याला मोडल ॲश्युरन्स क्रायटेरियन म्हणतात. तो आकडा घसरला एवढेच त्यातून कळते, का घसरला ते कळत नाही. त्याऐवजी एका मोडसाठी प्रत्येक नोडचा विस्तार (तो किती हलतो) आणि फेज (लयीत किती अंश पुढे-मागे आहे) घेऊन ते बाणांच्या रूपात एका वर्तुळावर काढावेत. अवमंदन (कंपन विझण्याचे प्रमाण) कमी असलेल्या आणि एकमेकांपासून पुरेशा दूर असलेल्या मोडमध्ये सगळे बाण जवळपास एका सरळ रेषेत पडतात. काही एका दिशेला, काही बरोबर विरुद्ध दिशेला. आमच्या दुपारच्या नोंदीत २.४ हर्ट्झला दोन जुडगे झाले होते. वरच्या आठ नोडांचे एक, खालच्या सहांचे दुसरे, आणि दोहोंमध्ये सुमारे १९ अंशांचा कोन होता. ६.१ हर्ट्झला तोच कोन ४७ अंशांवर गेला. १९ला २.४ने भागा आणि ४७ला ६.१ने भागा, दोन्ही वेळा उत्तर प्रत्येक हर्ट्झमागे सुमारे ७.८ अंश येते. फेज वारंवारितेच्या प्रमाणात सरळ वाढत असेल, तर त्यामागे वेळेचा एकच ठराविक फरक असतो. ७.८ला ३६०ने भागले की सुमारे ०.०२२ सेकंद, म्हणजे २२ मिलिसेकंद. स्लॅब गर्डरपासून सुटली असती तर दोन मोडच्या फेजमधला फरक वारंवारितेच्या इतक्या काटेकोर प्रमाणात बसला नसता. तुटलेल्या काँक्रीटला आपल्या अंकगणिताशी जुळवून घेण्याचे काही कारण नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. दोन मोड एकमेकांच्या अगदी जवळ असतील, किंवा बेअरिंगमध्ये (गर्डर ज्यांवर टेकतात त्या आधारांत) अवमंदन एकवटलेले असेल, तर बाण खरोखरच रेषेबाहेर जाऊ शकतात. म्हणून एका मोडवरून निष्कर्ष काढू नये. किमान दोन, शक्य असल्यास तीन मोड घेऊन प्रमाण जुळते का, ते पाहावे.

वेळेचा दोष आहे एवढे कळल्यावर खरी कामगिरी सुरू होते, कारण वेळेचे दोष चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ते वेगळे करण्यासाठी अर्ध्या तासाची नोंद दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत तोडावी, प्रत्येक तुकड्यासाठी त्याच दोन नोडांमधला फेजचा फरक काढावा, आणि तो घड्याळाच्या वेळेसमोर आलेखावर मांडावा. त्या रेषेचा आकारच दोषाचे नाव सांगतो.

रेषा आडवी असेल पण शून्यावर नसेल, तर नोडांनी नोंद सुरू करण्याचा क्षणच वेगळा होता. प्रारंभाचा आदेश सर्वांना एकाच वेळी मिळाला तरी प्रत्येक नोडचा प्रोसेसर जागा होऊन पहिले सॅम्पल घेईपर्यंत लागणारा वेळ सारखा नसतो. सेकंदाला १०० सॅम्पल असताना दोन नोडांच्या सॅम्पल घेण्याच्या क्षणांत ०.०१ सेकंदापर्यंत फरक सहज राहू शकतो, आणि तेवढाच फरक ६.१ हर्ट्झला २२ अंश खातो. घड्याळे अचूक जुळलेली असतानाही हे घडते. घड्याळ जुळणे आणि सॅम्पल जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विषयातले सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे वाक्य असावे. आडव्या रेषेचे दुसरे कारण म्हणजे डिजिटल फिल्टर. एखादा नोड दुरुस्तीहून परत आला आणि त्याचा फिल्टर इतरांपेक्षा वेगळ्या सेटिंगवर राहिला, तर त्याची संपूर्ण नोंद ठराविक वेळेने मागे सरकते. हा दोष मी दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा नोड ‘नुकताच बदललेला’ होता.

रेषेत पायऱ्या असतील, म्हणजे दहा मिनिटे सपाट, मग एकदम उडी, पुन्हा सपाट, तर दोष पॅकेट हरवण्याचा असतो, किंवा अधिक नेमके सांगायचे तर हरवलेल्या पॅकेटची जागा रिकामी न ठेवण्याचा. एका पॅकेटमध्ये बारा सॅम्पल असतील आणि गेटवेवरचा प्रोग्रॅम उरलेली सॅम्पल एकामागोमाग एक चिकटवत असेल, तर एक पॅकेट गेल्याबरोबर पुढची सगळी नोंद १२० मिलिसेकंद अलीकडे सरकते. २.४ हर्ट्झला ते १०४ अंश झाले! एका हरवलेल्या पॅकेटने मोड शेपचा पार बोऱ्या वाजतो, आणि तरीही ‘९९.९ टक्के माहिती मिळाली’ असा अहवाल येतो. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक असावा आणि गेटवेने अनुक्रमांकाप्रमाणेच जागा भराव्यात, हरवलेल्या जागी रिकामी खूण ठेवावी. नंतर त्या नोडकडून तेवढेच पॅकेट पुन्हा मागवता आले तर उत्तमच.

रेषा नुसतीच खडबडीत असेल, तिला कल नसेल पण ती सतत थरथरत असेल, तर सॅम्पल घेण्याचे अंतरच नोडच्या आत हलत असते. प्रोसेसर सॅम्पल घेता घेता मध्येच फ्लॅश मेमरीवर लिहायला किंवा रेडिओचा संदेश हाताळायला गेला की पुढच्या सॅम्पलला उशीर होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २००६ साली बर्कलेच्या विद्यापीठातील गटाने ६४ नोडांचे जाळे बसवले होते. एकाचा संदेश दुसऱ्याने पुढे ढकलत, अशा ४६ टप्प्यांतून ती माहिती येत असे. १,२८० मीटरच्या मुख्य गाळ्यावर एवढी लांब साखळी चालवून दाखवली म्हणून त्या कामाचे नाव होते. मला मात्र त्यातली जास्त शिकण्यासारखी बाब ही वाटते की सेकंदाला १,००० सॅम्पल घेतानाही सॅम्पलच्या क्षणातली थरथर १० मायक्रोसेकंदांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट त्यांनी स्वतःसमोर ठेवले होते. आपल्या पुलांच्या दोन-सहा हर्ट्झच्या कामाला इतका काटेकोरपणा लागत नाही. पण सॅम्पल घेताना प्रोसेसरने दुसरे काहीही करू नये, हा नियम तिथून उचलण्यासारखा आहे.

आणि रेषा तिरकी असेल, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीला फरक शून्य आणि शेवटाकडे वाढत जाणारा, तर घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालत असतात. आमची रेषा अशीच तिरकी होती. सुरुवातीला शून्य, अर्ध्या तासाच्या शेवटी सुमारे ४३ मिलिसेकंद. सरासरी घेतली की निम्मे, म्हणजे वर काढलेले २२ मिलिसेकंद. सरासरीत फेज फिरत राहिल्यामुळे कोहेरन्सही, म्हणजे दोन नोंदी एकमेकींशी किती सुसंगत आहेत हे शून्य ते एकमध्ये सांगणारा आकडाही, घटतो. ४३ मिलिसेकंदांच्या सरकण्याने २.४ हर्ट्झचा कोहेरन्स, बाकी सर्व आदर्श धरले तर, ०.९७ राहतो आणि ६.१ हर्ट्झचा ०.७९वर येतो. ‘वरच्या मोडमध्ये गोंगाट फार आहे’ असे म्हणून आम्ही जे सोडून देत होतो, ते खरे तर याच दोषाचे दुसरे तोंड होते.

गती का बदलत होती, हे समजायला साइटवर जावे लागले. फेब्रुवारी संपत आला होता आणि दुपारची हवा ३१ अंशांच्या आसपास होती. मी लॅपटॉप घेऊन पुलाखाली सावलीत बसलो होतो, तेव्हा वर नोडच्या पट्ट्या घट्ट करायला गेलेल्या मदतनीसाने खाली डोकावून हाक मारली, ‘‘साहेब, हा डबा तर पोळतोय, हात लावून बघा.’’ डबा काळ्या रंगाचा, घट्ट बंद, डांबराला लागून उन्हात ठेवलेला. आतल्या तापमानाची नोंद नोड स्वतः करत होता, फक्त ती कोणी उघडून पाहिली नव्हती. ती ५२ अंश होती, आणि खालच्या नोडांत ३१.

या नोडांमध्ये वेळ मोजायला मनगटी घड्याळात असतो तसाच ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक होता. त्याचा स्वभाव ठरलेला आहे. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो आणि तिथून कोणत्याही बाजूला गेले तरी मागे पडतो, तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. हा गुणांक साधारण दहा लाखांत ०.०३४ भाग असतो. ५२ अंशांना फरक २७चा, त्याचा वर्ग ७२९, म्हणजे दहा लाखांत सुमारे २५ भाग मागे. ३१ अंशांना जेमतेम एक भाग मागे. दोहोंतला फरक सुमारे २४ भाग, आणि १,८०० सेकंदांत त्याचे ४३ मिलिसेकंद होतात. आलेखावरचा आकडा आणि हा आकडा जुळल्यावर मी लॅपटॉप मिटला. मे महिन्यात डबा ६० अंशांवर आणि पुलाखालची हवा ४१ अंशांवर गेली असती, तर हाच फरक ३३ भागांवर गेला असता.

पण मग घड्याळे दर तासाला जुळवली जात होती, त्याचे काय? ती जुळत होतीच, आणि हिरवी अक्षरे खोटे बोलत नव्हती. नोंद सुरू होताना गेटवे संदेश पाठवत असे आणि प्रत्येक नोड आपले घड्याळ त्याप्रमाणे लावून घेत असे. दोन घड्याळांतला फरक तेव्हा शून्य होई. परंतु घड्याळ किती गतीने सरकते याची दुरुस्ती, जिला अनेक संदेशांच्या वेळा लागतात, ती बॅटरी वाचवण्यासाठी दिवसातून एकदाच, पहाटे साडेपाचला होत होती. त्या वेळी वरचे आणि खालचे सगळे नोड १७ अंशांवर असत. सर्वांची गती सारखी, सर्वांची दुरुस्ती सारखी, आणि दुपारच्या उन्हात ती दुरुस्ती कुचकामी. घड्याळ दुपारी एकदा लावून दिले तरी त्याला पहाटेच्या गतीने चालायला सांगितले होते, एवढाच तो दोष होता.

खात्रीसाठी ऑफिसात एक प्रयोग केला, आणि त्यात आम्ही चुकलोही. ती चूक सांगतो, म्हणजे तुमची एक संध्याकाळ वाचेल. एका जड लाकडी टेबलावर दोन नोड शेजारी चिकटवले, छताचा पंखा बंद केला, एका नोडवर बल्ब धरून त्याला ४५ अंशांपर्यंत तापवले आणि फरक जास्तीत जास्त यावा म्हणून दुसऱ्यावर बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलचा डबा पालथा घातला. तो ५ अंशांवर गेला. टेबलावर एक टिचकी मारली, अर्धा तास थांबून दुसरी मारली. दोन्ही टिचक्या दोन्ही नोंदींत बरोबर एकाच जागी आल्या! ‘तापमानाचा काही संबंध नाही’ असे लिहून मी घरी निघालो होतो. जिन्यात लक्षात आले की ४५ हे २५पासून वीस अंश वर आहे आणि ५ हे वीस अंश खाली. स्फटिक दोन्हीकडे सारखाच मागे पडतो. आम्ही दोन घड्याळे अगदी सारखी हळू केली होती.

दुसऱ्या दिवशी एक नोड खोलीच्या २८ अंशांवर तसाच ठेवला आणि दुसऱ्याला ५२ अंशांवर नेले. पहिली टिचकी दोघांतही एकाच सॅम्पलवर. अर्ध्या तासानंतरची टिचकी तापलेल्या नोडच्या नोंदीत चार सॅम्पल आधी आली, कारण त्या नोडने तेवढ्या वेळात चार सॅम्पल कमी मोजली होती. ही टिचकीची चाचणी नोड पुलावर चढवण्यापूर्वी प्रत्येकाने करावी, असे मी आता आग्रहाने सांगतो. तिला खर्च नाही आणि ती प्रारंभाचा फरक, गतीचा फरक व हरवलेली पॅकेट या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उघड करते. फक्त नोड एका तापमानावर ठेवून ती केली तर तिचा उपयोग निम्माच होतो.

उपाय करताना आम्ही आधी नोंदी वाचवल्या, मग नोड सुधारले. जुन्या नोंदींत प्रत्येक नोडचे तापमान दर मिनिटाला लिहिलेले होते, त्यामुळे वरच्या वर्गाच्या सूत्राने प्रत्येक मिनिटातली गती काढून वेळ पुन्हा मोजता आली. त्यानंतर सर्व नोंदी एका समान वेळेच्या जाळीवर बसवल्या, म्हणजे मोजलेल्या दोन सॅम्पलच्या मधल्या क्षणाची किंमत शेजारच्या सॅम्पलांवरून काढली. सेकंदाला १०० सॅम्पल आणि ६ हर्ट्झची हालचाल असेल तर साध्या सरळ रेषेच्या अंदाजानेही चूक २ टक्क्यांच्या आत राहते. वारंवारिता त्याहून जास्त असेल तर मात्र चांगला फिल्टर वापरावा. दक्षिण कोरियातील ३४४ मीटरच्या मुख्य गाळ्याच्या जिंदो केबल पुलावर २००९मध्ये अमेरिकी, कोरियाई आणि जपानी संशोधकांनी मिळून ७० नोड बसवले, तेव्हाही घड्याळ जुळवण्यापुरते न थांबता, नोंद झाल्यानंतर वेळेच्या शिक्क्यांवरून (नोंदीसोबत लिहिलेल्या वेळांवरून) सॅम्पल पुन्हा मांडण्याची पद्धत त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. हा विचार मला त्या सबंध कामातला सर्वांत शहाणा वाटतो, कारण नोडला मोजताना त्रास न देता चूक नंतर निस्तरता येते. अट एकच, वेळेचे शिक्के कच्चे स्वरूपात जपून ठेवलेले असले पाहिजेत. गेटवेने ते ‘दुरुस्त’ करून मूळ शिक्के फेकून दिले असतील, तर नंतर हात चोळत बसावे लागते.

नोडांत केलेले बदल असे. घड्याळ जुळवण्याचे संदेश आता नोंदीच्या आधी आणि नोंद संपल्याबरोबर, असे दोन्ही वेळा जातात. दोन्ही टोकांचे फरक माहीत असले की मधली गती सरळ रेषेने काढता येते. नोंद चालू असताना संदेश पाठवणे आम्ही मुद्दाम टाळले, कारण रेडिओ हाताळताना सॅम्पल डळमळतात आणि तिरकी रेषा सुधारता सुधारता खडबडीत रेषा पदरी पडते. सरळ रेषेचा हा हिशेब सूर्य स्थिर असल्यासारखा चालतो. अर्ध्या तासात कठड्याची सावली डब्यावर आली तर गती मध्येच बदलते आणि मधल्या भागात थोडी चूक उरते. म्हणून तापमानाची नोंद कायम ठेवली आहे. डबे पांढरे रंगवून त्यांवर बोटभर अंतर सोडून पत्र्याचे छत्र बसवले. तापमान बदलले तरी गती राखणारे महाग स्फटिकही मिळतात. नवे नोड घेताना ते जरूर मागावेत, पण लावलेल्या चौदा नोडांत ते बदलणे परवडले नसते.

उपग्रहाची वेळ का वापरली नाही, असे अनेकजण विचारतात. डेकवरच्या नोडांना ती उत्तम मिळते, गर्डरखालच्या नोडांना मिळत नाही, आणि आपला प्रश्न नेमका या दोहोंच्या मधला आहे. शिवाय ती सतत घेतली तर बॅटरीचे गणित कोलमडते.

रेडिओबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या अशा नोडांचा कागदावरचा वेग सेकंदाला २५० किलोबिट असतो, आणि चौदा नोडांची तीन दिशांची सोळा बिटांची नोंद सेकंदाला जेमतेम ६७ किलोबिट होते, म्हणून थेट पाठवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात पॅकेटचे वेष्टन, पोचपावती, पुन्हा पाठवणे आणि अनेक टप्प्यांचा प्रवास यांत तो वेग फार झपाट्याने आटतो. आधी नोडमध्ये साठवून मग पाठवणे हेच बरे. गेटवेजवळ वायफाय असेल तर नोडांसाठी पंचविसावे किंवा सव्विसावे चॅनेल घ्यावे, ती वायफायच्या नेहमीच्या चॅनेलांपासून बरीचशी दूर पडतात.

हे सगळे केल्यानंतर दुपारी दोनच्या नोंदीतले बाण एका रेषेत आले. स्लॅब आणि गर्डर पुन्हा एकत्र हलू लागले, म्हणजे आधीही ते एकत्रच हलत होते. अपवाद फक्त सात क्रमांकाच्या नोडचा. त्याचा बाण २.४ हर्ट्झला रेषेत होता, ६.१ला थोडा बाहेर आणि १० हर्ट्झच्या पुढे बराच बाहेर, शिवाय लांबीनेही जास्त. फेज वारंवारितेच्या प्रमाणात नव्हती आणि तुकड्यांचा आलेख शून्यावर सपाट होता, त्यामुळे वेळेला दोष देता येईना. पुढच्या भेटीत पाहिले तर तो डबा स्लॅबवर नव्हताच. कठड्याच्या पाइपला क्लॅम्पने अडकवलेला होता, आणि पुलाच्या कंपनात पाइपची स्वतःची थरथर मिसळत होती. स्लॅबचा पृष्ठभाग घासून त्यावर पोलादी पट्टी इपॉक्सीने चिकटवली आणि डबा तिच्यावर बसवला. त्या संध्याकाळच्या नोंदीत सातवा बाण बाकीच्यांच्या ओळीत होता.